बॅकअपच्या डिस्कची खरी ओळख
वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीने आंतररुग्णांच्या नोंदी उपचारारंभापासून ३ वर्षे जपण्याचे बंधन आपल्यावर घातले आहे. वारासिवनीतील माझ्या दवाखान्याच्या लिनक्स संगणकावरील नोंदींची प्रत रोज बाह्य हार्ड डिस्कवर उतरते, असा माझा समज होता. एकदा ती डिस्क तपासली, तर रिकामी! ती ठरलेल्या फोल्डरशी जोडली, म्हणजे 'माउंट', झालीच नव्हती. साऱ्या प्रती मूळ डिस्कवरच साचत होत्या; ती बिघडती, तर सर्वच गेले असते.

'एसडीबी', 'एसडीसी' ही नावे लिनक्स डिस्क सापडण्याच्या क्रमाने देते. ती बदलू शकतात. फॉरमॅट करताना मिळणारा 'यूयूआयडी' क्रमांक मात्र पुन्हा फॉरमॅट करेपर्यंत टिकतो. 'एलएसबीएलके -एफ' या आज्ञेने तो दिसतो. 'एफस्टॅब' फाइलीत नावाऐवजी तोच लिहावा. सोबत 'नोफेल' लिहिल्यास डिस्क नसतानाही संगणक सुरू होतो; म्हणूनच प्रत घेण्यापूर्वी 'फाइंडएमएनटी'ने खात्री करावी आणि डिस्क काढण्यापूर्वी 'यूमाउंट' करावे.

एकाच नावाचे दोन रुग्ण आले, तर आपण केसपेपरचा क्रमांक पाहतो. डिस्कच्या बाबतीतही तीच सावधगिरी हवी.