पुराआधी औषधांची पिशवी भरा

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात कृष्णा-पंचगंगेचं पाणी कित्येक दिवस हटलं नाही. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं.

पाणी चढू लागलं की आपण आधी लेकरं बाहेर काढतो. मग रेशनकार्ड, आधार, जातीचा दाखला, मुलांचे शाळेचे कागद. ते बरोबरच आहे. पण मांडणीवरची गोळ्यांची पिशवी बहुतेक वेळा मागे राहते. पहिल्या दिवशी त्याचं काही वाटत नाही. तिसऱ्या दिवशी आजीचं बीपी चढतं, फिटच्या पोराला फिट येते, दमेकऱ्याची छाती भरते. मेडिकलचं दुकानही पाण्यात असतं. माणूस पुरातून सुटतो आणि औषधात खंड पडला म्हणून दवाखान्यात जातो. हे आपण टाळू शकतो. त्यासाठी तयारी पावसाच्या आधी हवी.

पिशवीत काय असावं

घट्ट झाकणाची प्लास्टिकची बरणी किंवा दुहेरी प्लास्टिक पिशवी घ्या. त्यात निदान सात दिवसांची, जमलं तर पंधरा दिवसांची औषधं ठेवा. गोळ्या सुट्या करू नका, पाकिटातच राहू द्या, म्हणजे नाव आणि तारीख वाचता येते. सरकारी दवाखान्यात मोजून गोळ्या देतात, हे मला माहीत आहे. म्हणून मे महिन्यातच डॉक्टरांना सांगा, “आमच्या वस्तीत पाणी भरतं, काही दिवसांच्या गोळ्या जास्त द्या.” ही मागणी रास्त आहे. पिशवीतल्या गोळ्या जुन्या होऊ देऊ नका. नवीन आणल्या की त्या पिशवीत ठेवा आणि आधीच्या वापरायला काढा.

बरोबर चिठ्ठीची आणि केसपेपरची झेरॉक्स ठेवा. मोबाईलमध्ये फोटो असावा, पण फोन बंद पडतो, म्हणून कागदही हवाच. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: नाव, औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, कशाची ॲलर्जी, घरच्यांचा फोन नंबर. चष्म्याचा नंबरही लिहा. “पांढरी छोटी गोळी” एवढ्यावरून निवाऱ्यातल्या डॉक्टरला काहीच कळत नाही.

पिशवी उंचावर, पण घरातल्या प्रत्येकाच्या हाताला येईल अशी टांगा. वस्तीत आग लागली तरी हीच पिशवी उपयोगी पडते. पुराच्या पाण्यात भिजलेल्या गोळ्या टाकून द्या. एखादं औषध जिवावरचं असेल, दुसरं मिळत नसेल आणि पाकिटाच्या आत गोळी कोरडी असेल, तरच पाकीट पुसून नवीन मिळेपर्यंत ती चालवा.

कोणी काय सांभाळायचं

*इन्सुलिन:* न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवतात. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण पत्र्याच्या घरातली उन्हाळ्याची उष्णता तिला सोसत नाही. वीज गेली किंवा फ्रीजच नसेल, तर बाटली कोरड्या डबीत घाला. डबी छोट्या मातीच्या मडक्यात ठेवा आणि मडकं ओल्या वाळूच्या घमेल्यात, सावलीला. बर्फाला चिकटवू नका. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. जेवण मिळालं नाही तर डोस किती घ्यायचा, हे आजच डॉक्टरांकडून लिहून घ्या. पिशवीत साखर किंवा ग्लुकोजची पुडी हवीच. घाम, थरथर, गरगर वाटलं आणि माणूस शुद्धीवर असेल तर ती लगेच द्या.

*बीपी, फिट, स्टेरॉइड:* यांच्या गोळ्या अचानक बंद करू नका. “दोन दिवस नाही घेतल्या तर काय होतंय” असं म्हणू नका. शेजारणीच्या बीपीच्या गोळ्याही घेऊ नका, तिची गोळी वेगळी असू शकते. बीपीवाल्यांनी मदतीच्या पाकिटातलं खारं फरसाण कमी खावं.

*टीबी आणि एआरटी:* यात खंड पडला तर औषध पुढे लागू पडेनासं होण्याचा धोका असतो. कार्ड पिशवीत ठेवा. दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे जावं लागलं तर तिथल्या सरकारी केंद्रात कार्ड दाखवून औषध मागा.

*सिकलसेल:* विदर्भात आपल्या समाजातल्या बऱ्याच घरांत हा आजार आहे. भिजणं, थंडी, पाणी कमी पिणं आणि दमणूक यांनी वेदना उठतात. म्हणून या माणसाला सामान उचलायला लावू नका. त्याच्या पिशवीत गोळ्यांबरोबर कोरडे गरम कपडे आणि पिण्याच्या पाण्याची बाटली ठेवा.

*डायलिसिस:* मोठ्या पावसाचा इशारा आला की केंद्राला फोन करा आणि पाळी एक दिवस आधी घेता येईल का विचारा. पाळी चुकली तर पाणी डॉक्टरांनी सांगितलंय त्यापेक्षाही जपून प्या. केळी, शहाळं, बटाटा, सुका मेवा टाळा. धाप लागली तर वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.

*ऑक्सिजन मशीन:* पाणी भरलं की शॉक लागू नये म्हणून वीज तोडतात आणि मशीन बंद पडतं. भरलेला सिलिंडर जवळ असावा. तुमच्या प्रवाहावर तो किती तास पुरेल, हे देणाऱ्याकडून लिहून घ्या. सिलिंडर चुलीपासून, दिव्यापासून, विडीपासून लांब ठेवा. इशारा आला की या माणसाला पाणी यायच्या आधीच हलवा.

*व्हीलचेअर, वॉकर, कुबडी, कानाचं मशीन:* यांवर नाव आणि फोन नंबर पक्क्या शाईने लिहा. कानाच्या मशीनचे जादा सेल पिशवीत ठेवा. अरुंद गल्लीत पाणी असताना व्हीलचेअर चालत नाही. हात असलेल्या खुर्चीत बसवून दोघांनी उचलावं लागतं. ते दोघं कोण, हे आधीच ठरवा आणि एकदा उचलून बघा.

वस्तीची यादी

एकेका घराने पिशवी भरली, तरी झोपून असलेल्या माणसाला एकटं घर बाहेर काढू शकत नाही. म्हणून गल्लीची यादी करा. विहारात बैठक बोलवा, आशाताईंना आणि महिला मंडळाला बोलवा. कोणाला उचलावं लागतं, कोणाला वीज लागते, कोणाला रोज औषध लागतं, त्या घरासाठी धावून जाणारे दोघं कोण, एवढंच लिहा. आजाराचं नाव लिहू नका. टीबी असो की एचआयव्ही, ती त्या माणसाची खासगी गोष्ट आहे. मदतीला फक्त गरज कळली तरी पुरे.

ही यादी वस्तीपुरतीच ठेवू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ८ प्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची आहे आणि धोका असेल तेव्हा त्यांना कळवायचं आहे. याच कायद्याने सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांनाही दिव्यांगत्वात धरलं आहे. म्हणून ज्यांची संमती आहे त्यांची नावं अर्जासोबत वॉर्ड ऑफिसात किंवा तहसील कार्यालयात द्या आणि पोच घ्या. अर्जात तीन गोष्टी विचारा: आमच्या वस्तीचा निवारा कोणता? तिथे व्हीलचेअर आत जाते का? तिथे शुगर-बीपीची औषधं आणि विजेची सोय आहे का? पोच घेतलेला अर्ज हातात असला की पावसाळ्यात साहेबांना जाब विचारता येतो.

पाणी ओसरल्यावरही एक काम उरतं. पुराच्या पाण्यातून चाललेल्या प्रत्येकाने आरोग्य केंद्रात जाऊन लेप्टोच्या प्रतिबंधक गोळीबद्दल विचारावं, शक्यतो ७२ तासांच्या आत. पायाला जखम असेल किंवा शुगर असेल तर नक्कीच. रोज काय गोळ्या घेता, हे तिथे सांगायला विसरू नका.

हे नंबर दारामागे लिहून ठेवा: रुग्णवाहिका १०८, आणीबाणीत ११२, जिल्हा आपत्ती कक्ष १०७७, मुंबईत महापालिकेचा आपत्ती कक्ष १९१६.

या रविवारी दोन कामं करा. घरातली सगळी औषधं चटईवर मांडून तारखा तपासा आणि पिशवी भरा. मग शेजारच्या घरात, जिथे म्हातारं माणूस एकटं आहे, तिथे जाऊन त्यांचीही भरून द्या.