समीकरण कागदावरून वेबवर: पाच गैरसमज

लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत तयार केलेल्या गणिताच्या नोट्स कागदावर देखण्या दिसतात. पण लोंढ्याहून बेळगावला कॉलेजला निघालेला विद्यार्थी त्या नोट्स रेल्वेत, मोबाइलवर उघडतो. मग त्या वेबसाठी बदलून घ्यायचा विषय निघतो आणि त्यासोबत काही पक्के गैरसमजही.

गैरसमज १ : पीडीएफ अपलोड केली की काम झालं.
वस्तुस्थिती : ए-फोर पान २१० मिलिमीटर रुंद असतं, मोबाइलचा स्क्रीन साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. एकेक ओळ डावी-उजवीकडे सरकवत वाचावी लागते. खरी अडचण आणखी आत आहे. साध्या पीडीएफमध्ये कोणतं अक्षर पानावर कुठे बसवायचं, एवढीच नोंद असते. अपूर्णांकाची रेघ तिथे नुसती रेघ. त्यामुळे छेदात फक्त ‘ब’ आहे की ‘ब अधिक क’, हे दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला सांगता येत नाही. उत्तर मात्र त्यावरच ठरतं.

गैरसमज २ : समीकरणाचं चित्र टाकलं तरी चालतं.
वस्तुस्थिती : चित्र शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही आणि मोठं केलं की बहुधा धूसर होतं. यावर उपाय म्हणून १९९८ मध्ये डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने मॅथएमएल हे प्रमाण मान्य केलं. त्यात अंश कोणता, छेद कोणता, घात कशाचा, हे खुणांनी लिहिलेलं असतं. म्हणजे दिसण्यासोबत रचनाही जपली जाते.

गैरसमज ३ : ब्राउझरला मॅथएमएल कळत नाही.
वस्तुस्थिती : हे पूर्वी बऱ्याच अंशी खरं होतं. फायरफॉक्स ते कैक वर्षं दाखवत आला आहे. क्रोमने २०१३ मध्ये थोडा काळ ठेवून ते काढून टाकलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये, १०९ व्या आवृत्तीत, ते परत आलं. जुन्या ब्राउझरमध्ये समीकरणं दाखवण्यासाठी मॅथजॅक्स हे साधन आहेच.

गैरसमज ४ : एक बटण दाबलं की रूपांतर होतं.
वस्तुस्थिती : लाटेक ज्यावर उभं आहे, ते डोनाल्ड नुथ यांनी घडवलेलं टेक ही मुळात प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. लेखक त्यात स्वतःच्या आज्ञा बनवतो आणि रूपांतर अडतं ते बहुधा तिथेच. लाटेक-एमएल, टेक-फोर-एचटी, पॅनडॉक ही साधनं चांगली आहेत, पण प्रत्येकाला मर्यादा आहेत. अर्काइव्ह या संशोधनलेखांच्या संग्रहाने डिसेंबर २०२३ पासून लाटेक-एमएल वापरून एचटीएमएल आवृत्ती द्यायला सुरुवात केली. सगळेच लेख नीट बदलत नाहीत, म्हणून पीडीएफही सोबत राहते.

गैरसमज ५ : मराठीत हे जमणार नाही.
वस्तुस्थिती : जुन्या वेल्थुईस पद्धतीत देवनागरी मजकूर रोमन अक्षरांत टाइप करावा लागे. आता झीलाटेक किंवा लुआलाटेकमध्ये थेट युनिकोड देवनागरी लिहिता येते आणि मॅथएमएलमध्ये देवनागरी आकडेही चालतात. खरी डोकेदुखी आहे ती युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायलींची. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये आणायचा, तपासायचा, मगच पुढचं काम.

थोडक्यात, पीडीएफवरून मागे जाणं अवघड, मूळ लाटेक फायलीवरून पुढे जाणं सोपं. म्हणून मूळ फाइल जपून ठेवा, स्वतःच्या आज्ञा मोजक्याच वापरा, आकृतीला शब्दांत वर्णन जोडा. आणि विद्यार्थ्यांना लिंक पाठवण्याआधी एक समीकरण मोबाइलवर पाहा, स्क्रीन रीडरवर ऐका.