उंदराचे जठर आणि वनस्पतींचे अर्क

अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफिनॅक, इंडोमेथॅसिन ही औषधे सांधेदुखी शमवतात, पण जठराला इजाही करतात. याचे मूळ ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांच्या १९७१ च्या संशोधनातून उलगडले. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात आणि ही औषधे त्यांची निर्मिती रोखतात. सूज आणि वेदना वाढवणारी ही द्रव्ये जठरात मात्र राखणदारी करतात. श्लेष्म्याचा थर, आम्लाला निष्प्रभ करणारा बायकार्बोनेट आणि अस्तराचा रक्तपुरवठा त्यांच्यामुळे टिकतो. ती घटली की जठरातले आम्ल अस्तरालाच खाऊ लागते.

ही इजा एखाद्या वनस्पतीने टळते का, हे पाहण्याची रुळलेली पद्धत अशी. पांढऱ्या उंदरांचे गट पाडतात. एका गटाला काहीच त्रास दिला जात नाही. दुसऱ्याला फक्त इंडोमेथॅसिन, तिसऱ्याला आधी ओमेप्रझोलसारखे सिद्ध औषध आणि मग इंडोमेथॅसिन, आणि उरलेल्या गटांना आधी वनस्पतीच्या अर्काच्या वेगवेगळ्या मात्रा आणि मग इंडोमेथॅसिन देतात. उंदीर उपाशी ठेवलेले असतात आणि अर्क नळीने थेट पोटात सोडतात. काही तासांनी प्राण्यांना मारून जठर उघडतात, भिंगाखाली व्रण मोजतात, त्यांची लांबी नोंदवतात. अस्तराचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीही तपासतात. मोजणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला हे ठाऊक नसावे. एवढी साधी काळजी घेतली नाही, तर सगळी आकडेवारी संशयास्पद ठरते.

अर्क यकृताचे रक्षण करतो का, हे पाहण्यासाठी अशाच प्रयोगात इजा करायला बहुधा पॅरासिटामॉलची मोठी मात्रा वापरतात. पॅरासिटामॉलचा काही भाग यकृतात एका विषारी द्रव्यात बदलतो. पेशींतले ग्लुटाथायोन हे द्रव्य त्याला निकामी करते, पण ग्लुटाथायोनचा साठा संपला की पेशी मरू लागतात आणि त्यांच्यातली विकरे रक्तात उतरतात. रक्ततपासणीच्या अहवालात एसजीपीटी हे विकर वाढलेले दिसते ते यामुळेच. मूत्रपिंडासाठी जेंटामायसिन हे प्रतिजैविक देऊन इजा करतात आणि रक्तातले क्रिएटिनिन आणि युरिया मोजतात.

निकाल वाचताना मात्र सावध राहावे लागते. बहुतेक प्रयोगांत अर्क आधी आणि विषारी औषध नंतर दिले जाते. रुग्ण मात्र इजा झाल्यावर दवाखान्यात येतो. मात्रेचाही प्रश्न आहे. उंदराला किलोमागे ४०० मिलिग्रॅम दिले, तर प्रचलित रूपांतरानुसार ६० किलोच्या माणसासाठी ते रोज जवळपास ४ ग्रॅम कोरडा अर्क होतो. शिवाय एकाच वनस्पतीचा पाण्यातला अर्क आणि अल्कोहोलमधला अर्क या रासायनिकदृष्ट्या वेगळ्या गोष्टी आहेत.

ज्येष्ठमधाची कहाणी वनस्पतीपासून औषध बनवण्यातले यश आणि त्याची किंमत दोन्ही दाखवते. त्याच्या मुळातल्या द्रव्यापासून कार्बेनोक्सोलोन हे औषध बनले. १९६० च्या दशकात ते जठरव्रणावर वापरले जाऊ लागले आणि व्रण भरूनही येत. पण त्याने शरीरात मीठ-पाणी साठे, पोटॅशियम घटे आणि रक्तदाब वाढे. पुढे अधिक सुरक्षित औषधे आल्यावर ते मागे पडले.

गुळवेलीचे उदाहरण घरचेच आहे. उंदरांवरच्या अनेक प्रयोगांत तिचा अर्क यकृताचे रक्षण करताना दिसला होता. कोविडकाळात घरोघरी तिचे काढे होऊ लागले. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला. तशीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असू शकते, असे त्याचे म्हणणे होते. वनस्पतीची ओळख पटवणे ही प्रयोगाची पहिली पायरी का असते, हे या वादातूनही दिसते.

उंदरांवरचा चांगला निकाल म्हणजे माणसांवर रीतसर चाचणी घेण्याचे सबळ कारण, याहून अधिक काही नाही. वेदनाशामक गोळ्या नियमित घेणाऱ्यांनी पोट सांभाळण्यासाठी स्वतःहून काढे किंवा चूर्णे सुरू करू नयेत. आधीच घेत असाल, तर त्यांचे नाव आणि प्रमाण डॉक्टरांना जरूर सांगावे.