मानसोपचार आणि ज्यू विद्यापरंपरा : एरिक फ्रॉम यांच्या शब्बाथ-विवेचनाच्या संदर्भात

प्रस्तावना :
मानसोपचार आणि धर्मग्रंथांचे अध्ययन ही सामान्यतः दोन भिन्न क्षेत्रे मानली जातात. एरिक फ्रॉम (१९००–१९८०) यांच्या ठायी मात्र ती एकत्र आली. ‘शब्बाथ’ या एकाच विषयाचे त्यांनी चोवीस वर्षांच्या अंतराने दोन वेगळे अर्थ लावले. या बदलाचे महत्त्व स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी :
फ्रँकफर्ट येथील धर्मनिष्ठ ज्यू कुटुंबात जन्मलेल्या फ्रॉम यांनी हायडेलबर्ग येथे साल्मान रॅबिन्कॉव यांच्याकडे तालमूदचे अध्ययन केले. १९२२ मध्ये तेथील विद्यापीठात ज्यू धर्मनियमांवर समाजशास्त्रीय प्रबंध सादर केला. १९२४ मध्ये फ्रीडा राइखमान यांनी त्याच शहरात मनोविश्लेषणात्मक उपचारगृह सुरू केले. तेथे शब्बाथ व आहारविषयक धर्मनियम पाळले जात. १९२६ मध्ये फ्रॉम व राइखमान यांचा विवाह झाला; त्याच सुमारास दोघांनीही धर्माचरण सोडले.

दोन अर्थ :
शब्बाथ हा शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत पाळावयाचा विश्रांतिदिन होय. कोकणातील बेने इस्रायलांना शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळेच ‘शनवार तेली’ म्हटले जाई. १९२७ च्या लेखात फ्रॉम यांनी फ्रॉइडप्रणीत सिद्धांतानुसार या कर्मनिषेधात पित्याविरुद्धच्या आदिम अपराधाचे प्रायश्चित्त पाहिले. येथे नियम केवळ लक्षण ठरतो. तो पाळणाऱ्याला अभिप्रेत असलेला अर्थ बाजूला पडतो.

१९५१ च्या ‘द फरगॉटन लँग्वेज’ या ग्रंथात ते नियमांच्या तपशिलाकडे वळले. शब्बाथच्या दिवशी घरातल्या घरात जड वस्तू हलविता येते. परंतु घरातून सार्वजनिक रस्त्यावर रुमालही नेता येत नाही. अर्थात निषेध केवळ श्रमाचा नाही. काम म्हणजे निसर्गाच्या वा समाजाच्या समतोलात मनुष्याने केलेला हस्तक्षेप आणि विश्रांती म्हणजे मनुष्य व निसर्ग यांच्यातील शांतता, असा अर्थ त्यांनी प्रतिपादिला.

समारोप :
दुसऱ्या विवेचनाच्या वेळी फ्रॉम धर्माचरण करीत नव्हते. म्हणजेच श्रद्धा नसतानाही परंपरेचे ज्ञान उपचारकास उपयुक्त ठरते. व्रतनियम पाळणाऱ्या व्यक्तीच्या मनात भीती वा अपराधभाव असू शकतो, हे नाकारता येत नाही. तथापि तो नियम परंपरेत काय सांगतो, हे आधी समजून घ्यावे आणि त्या व्यक्तीच्या जीवनात तो काय करतो, हे त्यानंतर पाहावे. हा क्रम उलटल्यास उपचारकाला रुग्ण दिसत नाही, स्वतःचा सिद्धांतच दिसतो.