मॉडेल पडद्यावर उभं राहिलं, म्हणजे जागेवर बसेलच असं नाही

स्केचअप शिकणारे वास्तुकलेचे विद्यार्थी, बागांची कामं घेणारे व्यावसायिक आणि गावाकडच्या जागेवर घर बांधू पाहणारे हौशी लोक यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: रेंडर झकास यायला काय करायचं? माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी उत्तर दिशा, मग जमिनीचा उतार, मग झाडं आणि रेंडर सगळ्यात शेवटी. हा क्रम चुकण्यामागे काही पक्के गैरसमज आहेत.

सर्वांत महागात पडणारा समज म्हणजे सावली सॉफ्टवेअर आपोआप बरोबर दाखवतं. सावलीचं बटण दाबलं की सावली पडते, म्हणून ती आपल्या जागेची आहे असं वाटतं. पण स्केचअप २००० साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर शहरात जन्मलं. पुढे २००६मध्ये ते गूगलकडे आणि २०१२मध्ये ट्रिंबलकडे गेलं, तरी नव्या फाइलचं मूळ ठिकाण बोल्डरच राहिलं. ठिकाण बदललं नाही, तर तुमच्या पुण्यातल्या अंगणावर ४० अंश उत्तरेचा सूर्य तळपत राहतो. २१ डिसेंबरला भर दुपारी तीन मीटर उंच भिंतीची सावली बोल्डरमध्ये सुमारे सहा मीटर पडते. पुण्यात ती पावणेतीन मीटरच्या आतच असते. मॉडेलवर विसंबून तुम्ही भाजीचा वाफा भिंतीपासून सहा मीटर लांब सरकवाल आणि हातची चांगली उन्हाची जागा फुकट घालवाल.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे मेच्या उत्तरार्धातल्या कडक उन्हात उत्तरेची भिंतही तापते. बोल्डरमध्ये दुपारचा सूर्य कधीच उत्तरेला जात नाही, म्हणून मॉडेलमध्ये ती भिंत दुपारी कायम सावलीत दिसते. उपाय सोपा आहे. ‘मॉडेल इन्फो’मधल्या ‘जिओ-लोकेशन’मध्ये जागेचे अक्षांश-रेखांश भरा आणि सावलीच्या खिडकीत वेळ भारतीय प्रमाणवेळेची लावा. हिरवा अक्ष म्हणजे उत्तर. कॅडचा नकाशा बहुतेक वेळा कागदाच्या कडेला समांतर काढलेला असतो आणि उत्तरेचा बाण तिरका असतो. तेवढं मॉडेल आधी फिरवून घ्या. मग जागेवर एक मीटरची काठी सरळ उभी रोवा, तिची सावली मोजा आणि त्याच वेळेची मॉडेलमधली सावली ताडून पाहा.

ठिकाण लावलं की जमिनीचा उतारही आपोआप मिळतो, हा दुसरा समज. उतार मिळतो, पण ढोबळ. जगभर वापरली जाणारी उंचीची एक प्रसिद्ध मोजणी अमेरिकेच्या अंतराळयानाने फेब्रुवारी २०००मध्ये रडारने केली. तिच्यात साधारण दर ३० मीटरला एक उंची मिळते. दहा गुंठ्यांचा चौरस तुकडा जेमतेम ३२ मीटर बाजूचा असतो, म्हणजे तुमच्या अख्ख्या जागेच्या वाट्याला एकदोन आकडे येतात. त्यातही दाट झाडी असेल तर रडारला जमिनीऐवजी झाडांच्या शेंड्यांजवळची उंची मिळते. कोकणातल्या उतारावरचा दोन मीटरचा बांध त्यात दिसणारच नाही, आणि नेमका तोच बांध ठरवतो की जोत्याखाली किती भराव लागेल आणि धारक भिंत कुठे येईल.

म्हणून टोटल स्टेशनवर मोजणी करून अर्ध्या मीटरच्या समोच्च रेषा मागवा. प्रत्येक रेषा तिच्या उंचीवर उचला, तिच्यावरचे अनावश्यक बिंदू कमी करा आणि ‘सँडबॉक्स’मधलं ‘फ्रॉम कंटूर्स’ वापरा. घराचं जोतं उतारावर बसवायला ‘स्टॅम्प’ आहे. एक अडचण मात्र हमखास येते. सर्वेक्षकाच्या फाइलमध्ये निर्देशांक बहुधा विषुववृत्तापासून मोजलेले असतात. पुण्याच्या बाबतीत ते अंतर वीस लाख मीटरांहून जास्त भरतं. अशी फाइल तशीच आणली की मॉडेल थरथरतं, पृष्ठं गायब होतात आणि लोक संगणकाला दोष देतात. सगळं चित्र उचलून अक्षांच्या छेदबिंदूजवळ आणा, त्रास बराचसा थांबेल.

उपग्रहाच्या चित्रावरून जागेची हद्द आखणं तर टाळाच. चित्र काही मीटर सरकलेलं असू शकतं. हद्दीसाठी भूमी अभिलेखची मोजणी आणि तिची ‘क’ प्रतच हवी. सातबाऱ्यावरचा आकडा भरतानाही जपून: तिथे हेक्टर-आर असतात. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. एक गुंठा १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१ चौरस मीटरांहून थोडा जास्त.

ऑटोकॅडवरून आलेले लोक टॅगला लेयर समजून बसतात. दोष त्यांचा नाही, २०२०पर्यंत स्केचअपमध्येही त्याचं नाव लेयरच होतं. पण टॅग फक्त दाखवतो आणि लपवतो. वस्तू एकमेकींपासून वेगळ्या ठेवत नाही. पायवाटेची कड भिंतीला चिकटली असेल, तर वाट हलवताना भिंतही ओढली जाते, मग दोघींचे टॅग वेगळे का असेनात. भिंत काढून झाली की लगेच तिचा ग्रूप किंवा कंपोनंट करा. टॅग द्यायचा तो त्या ग्रूपला. सुट्या रेषा बिनटॅगच्याच ठेवा.

झाडांबद्दल दोन गोष्टी. एकाच कंपोनंटच्या शंभर प्रती ठेवल्या तर फाइल शंभर पट वाढत नाही, कारण त्याची रचना एकदाच साठवली जाते. पण पडद्यावर प्रत्येक प्रत वेगळी रंगवावी लागते, म्हणून पानापानांसह काढलेली झाडं मशीन अडकवतात. काम चालू असताना सपाट ‘फेस मी’ झाडं पुरतात. त्याहून गंभीर प्रश्न खरेपणाचा आहे. तयार संग्रहांत मेपल आणि पाइन भरपूर मिळतात, आपला बकुळ किंवा कडुनिंब शोधावा लागतो. आणि मॉडेलमधलं झाड पहिल्याच दिवशी पूर्ण वाढलेलं असतं. पूर्ण वाढलेल्या पर्जन्यवृक्षाचा विस्तार २५ मीटरच्या पुढेही जातो, तो बंगल्याच्या भिंतीला खेटून लावला की पुढच्या पिढीला फांद्या तोडत बसावं लागतं. रोपाचा आजचा आणि पूर्ण वाढीचा घेर अशी दोन वर्तुळं दोन वेगळ्या टॅगवर ठेवा आणि दोन्ही घरमालकाला दाखवा.

महाग सॉफ्टवेअरशिवाय चांगलं काम होत नाही, हेही खरं नाही. ब्लेंडर आणि फ्रीकॅड पूर्ण मोफत आहेत, व्यवसायासाठीसुद्धा. स्केचअपची मोफत आवृत्ती मात्र फक्त खासगी वापरासाठी आहे. तिच्यावर पैसे घेऊन काम करू नका.

आता पाण्याचं. मॉडेलमध्ये सपाट फरशी छान दिसते, म्हणून ती तशीच काढली जाते आणि पहिल्याच पावसात पाणी उंबऱ्याशी येतं. शंभराला एक असा उतार धरला तरी दहा मीटर लांब अंगणाला दहा सेंटिमीटर उतरावं लागतं. ते दहा सेंटिमीटर मॉडेलमध्ये काढा, पाणी जिथून बाहेर पडेल तिथे बाण ठेवा. रेंडरला बसण्याआधी आराखड्याची एक प्रत छापून जागेवर न्या आणि टेपने निदान तीन मापं पडताळा: हद्दीची एक बाजू, जोत्याची उंची आणि जुन्या झाडाचं भिंतीपासूनचं अंतर. ती जुळली नाहीत तर आधी मॉडेल दुरुस्त करा.