टाकी भरलेली, काटा शून्यावर

पावसाळाभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेली फायबरची बोट पुन्हा पाण्यात उतरते, चावी फिरते, इंजिन चालू होतं आणि डॅशबोर्डकडे नजर गेली की कळतं, काटे ठिकाणावर नाहीत. टाकी काठोकाठ भरलेली असताना इंधनाचा काटा शून्यावर पडलेला. तापमानाचा काटा दिवे लावले की वर चढतो. मालवण असो, हर्णै असो की अलिबाग, मालकाचा पहिला उपाय ठरलेला असतो: मीटर बदला. नवं मीटर येतं, बसतं आणि काटा पुन्हा तिथेच.

मीटर गुन्हेगार असतं, पण क्वचित. ते डॅशबोर्डमध्ये काचेमागे, त्यातल्या त्यात कोरड्या जागी बसलेलं असतं. खारं पाणी, डिझेलचा ओशटपणा आणि इंजिनाची थरथर सोसतात त्या त्याच्यामागच्या वायरी, जोड आणि टाकीतला किंवा इंजिनावरचा सेन्सर. दोष शोधायचा तो आधी तिथे. त्यासाठी साधा मल्टीमीटर, पंधरा-वीस फूट सुटी वायर आणि १२ व्होल्टचा एक बल्ब एवढं पुरतं.

आधी हे मीटर चालतं कसं ते पाहू. पाठीमागे तीन खिळ्या असतात. ‘आय’ अक्षराच्या खिळीवर चावीतून आलेला पॉझिटिव्ह, ‘जी’वर निगेटिव्ह आणि ‘एस’वर सेन्सरकडून आलेली वायर. आत दोन कॉइल काट्याला रस्सीखेचीसारख्या दोन बाजूंना ओढत असतात. सेन्सर म्हणजे बदलता रोध. टाकीतला तरंगता गोळा खालीवर झाला की रोध बदलतो, कॉइलमधल्या करंटचं प्रमाण बदलतं आणि काटा सरकतो. काट्याची जागा या प्रमाणावर ठरते. त्यामुळे बॅटरी १२.५ व्होल्टवर असो की इंजिन चालू असताना १४ वर, तो फारसा हलायला नको.

बाजारात दोन पद्धतींची मीटरं मिळतात. अमेरिकी पद्धतीत रिकाम्या टाकीला सुमारे २४० ओहम, अर्ध्या टाकीला १०० च्या आसपास आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम. युरोपीय पद्धतीत रिकाम्या टाकीला १० आणि भरलेल्या टाकीला १८०. एका पद्धतीचं मीटर दुसरीच्या सेन्सरला जोडलं तर टाकी भरेल तसा काटा खाली येतो. वायर कितीही तपासली तरी दोष सापडत नाही, कारण वायरीत दोष नसतोच. मीटर आधीच बदललेलं असेल तर सेन्सर आणि मीटर एकाच जातीचे आहेत ना, ही खात्री सर्वांत आधी करावी.

मग हत्यार हाती घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: एक काटा बिघडला आहे की सगळे? या एका उत्तराने अर्धी बोट तपासायची वाचते.

सगळे काटे एकदम मेले असतील तर दोष सगळ्यांना सामाईक असलेल्या वाटेवर आहे. म्हणजे फ्यूज, चावीचा स्विच, तिथून डॅशबोर्डला येणारी पॉझिटिव्ह वायर किंवा निगेटिव्ह. फ्यूज डोळ्यांनी पाहून ठरवू नये. तार शाबूत दिसते आणि फ्यूजची पकड मात्र गंजलेली असते. दोन्ही बाजूंना व्होल्टेज मोजावं.

आता निगेटिव्हकडे येऊ, कारण माझ्या मते बोटीतल्या बहुतेक गूढ बिघाडांचं मूळ इथेच असतं. मोटारीत लोखंडी बॉडी हाच निगेटिव्ह असतो. दिवा कुठेही बसवा, एक वायर बॉडीला टेकवली की काम झालं. फायबरच्या बोटीचं अंग वीज वाहत नाही. इथे प्रत्येक मीटरचा, दिव्याचा, पंपाचा निगेटिव्ह वायरीनेच बॅटरीपर्यंत परत न्यावा लागतो. मोटारीचं काम करणारा चांगला वायरमनही बोटीवर आला की नेमका इथे घसरू शकतो. डॅशबोर्डमागे बहुतेक वेळा एका मीटरच्या निगेटिव्हवरून दुसऱ्याचा, दुसऱ्यावरून तिसऱ्याचा अशी माळ ओवलेली असते. पहिला जोड गंजला की पुढचे सगळे काटे बिघडतात.

नेव्हिगेशनचे दिवे किंवा तळातलं पाणी उपसणारा पंप चालू केला की काटा उडी मारतो का, ते पाहा. उडी मारत असेल तर निगेटिव्ह कच्चा आहे असं जवळजवळ धरून चाला. पंपाचा मोठा करंट त्याच गंजलेल्या जोडातून परत जायला पाहतो, तिथे व्होल्टेज अडतं आणि मीटरला स्वतःचा ‘शून्य’च वर सरकलेला मिळतो.

याची चाचणी सोपी आहे. सुटी लांब वायर बॅटरीच्या निगेटिव्हला जोडून डॅशबोर्डपर्यंत आणा आणि तिला मल्टीमीटरची काळी टोचणी लावा. लाल टोचणी मीटरच्या ‘जी’ खिळीवर ठेवा. चावी चालू, दिवे चालू, पंप चालू. आकडा शून्याच्या अगदी जवळ हवा. ०.२ व्होल्टच्या वर गेला तर लाल टोचणी एकेक जोड मागे नेत बॅटरीकडे चला. ज्या जोडाच्या पलीकडे आकडा एकदम पडतो, तोच दोषी.

दिवे-पंप चालू ठेवायला सांगितलं त्याला कारण आहे. डिजिटल मल्टीमीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही. वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी तो बिनदिक्कत १२.४ दाखवतो आणि आपण ‘सप्लाय तर येतोय’ म्हणून पुढे जातो. त्याच जागी १२ व्होल्टचा बल्ब जोडला तर तो मिणमिणतो किंवा पेटतच नाही. वायर खरी तपासायची तर तिच्यावर भार टाकूनच.

आता एकच काटा बिघडला आहे असं धरू, आणि तो इंधनाचा घेऊ. चावी चालू ठेवून ‘आय’ आणि ‘जी’मध्ये बॅटरीएवढं व्होल्टेज आहे याची खात्री करा. मग ‘एस’वरची वायर काढा. अमेरिकी पद्धतीचं मीटर असेल तर काटा शून्याकडे जायला हवा. आता तुकडाभर वायरीने ‘एस’ आणि ‘जी’ क्षणभर जोडा. काटा ‘भरलेली’वर जायला हवा. युरोपीय मीटरमध्ये हे नेमकं उलट घडतं. काटा दोन्हीकडे नीट गेला तर मीटर ठणठणीत आहे आणि दुकानात जायची गरज नाही.

पुढची पायरी चावी बंद करून. काढलेली ‘एस’ वायर आणि निगेटिव्ह यांच्यात ओहम मोजा. टाकीतल्या इंधनाला साजेसा आकडा मिळाला तर वायर, सेन्सर आणि सेन्सरचा निगेटिव्ह हे तिन्ही चांगले. आकडाच न येता मल्टीमीटरने सर्किट उघडं दाखवलं तर कुठेतरी तुटलं आहे. जवळजवळ शून्य आला तर वायर सोलून कशाला तरी टेकली आहे.

उत्तर टाकीपाशी शोधायचं असेल तर, पेट्रोलची बोट असल्यास, इथे थांबून विचार करावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळात साचून राहते. आधी झाकणं उघडून तळ हवेशीर करा, ब्लोअर असेल तर पुरेसा वेळ चालवा, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि त्यानंतरच टाकीवरच्या वायरीला हात लावा. तिथे वायरी एकमेकींना टेकवून पाहायचं नाही आणि बल्बही लावायचा नाही. फक्त ओहम मोजायचे.

टाकीवरच्या सेन्सरची वायर सोडवून थेट सेन्सरचा रोध मोजा. आकडा योग्य असेल तर दोष मधल्या वायरीत किंवा सेन्सरच्या निगेटिव्हमध्ये. प्लास्टिकच्या टाकीवर ही काळी वायर विशेष तपासावी, कारण तिच्याशिवाय त्या सेन्सरला परतीचा मार्गच नसतो. आकडा चुकीचा असेल तर सेन्सर बाहेर काढून त्याचा दांडा हळूहळू फिरवा. रोध सलग बदलायला हवा. मध्येच तुटला तर आतली पट्टी झिजली आहे. गोळ्यात इंधन शिरून तो बुडला असेल तर सेन्सर टाकी कायम रिकामी सांगतो.

तेलाचा दाब आणि तापमान यांचे सेन्सर बरेचदा एकाच वायरीचे असतात. त्यांचा निगेटिव्ह इंजिनाच्या धातूतून, सेन्सरच्या आट्यांमधून जातो. गळती नको म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेप जाड गुंडाळली की हाच मार्ग तुटू शकतो.

तापमानाच्या काट्याबद्दल मात्र मला जरा जोर देऊन सांगायचं आहे. हा सेन्सर तापला की त्याचा रोध कमी होतो. म्हणजे वायर तुटली तर रोध अमर्याद होतो आणि काटा ‘थंड’वर शांत बसून राहतो. थंड पाण्याचा पंप बंद पडून इंजिन करपत असलं तरी! पर्यटक घेऊन खडकांजवळ फिरणाऱ्या बोटीला असा शांत काटा फार महागात पडू शकतो. म्हणून इंजिन चालू झाल्यावर हा काटा वर चढताना डोळ्यांनी पाहावा. तो चढलाच नाही, तर त्यावर विसंबून किनारा सोडू नये. तेलाच्या दाबाचा काटा शून्यावर पडला तर आधी इंजिन बंद करावं, तेल पाहावं आणि वायरींचा संशय त्यानंतर घ्यावा.

इंजिनाचे फेरे दाखवणारं मीटर वेगळ्या जातीचं. आउटबोर्डमध्ये त्याला चार्जिंगच्या कॉइलकडून आणि बऱ्याच डिझेल इंजिनांत अल्टरनेटरकडून ठोके मिळतात. ते मेलं आणि त्याच वेळी चालू इंजिनावर बॅटरी १२.६ च्या वर जात नसेल तर मीटर सोडून चार्जिंग तपासा, डिझेल असेल तर पट्टाही. काटा ठरावीक पटीत चुकत असेल तर मीटरच्या पाठीवरचा पोलचा स्विच पाहा.

वायरींचे रंग मदत करतात, पण आंधळा विश्वास नको. अमेरिकी बोटींच्या संकेतात जांभळी म्हणजे चावीचा पॉझिटिव्ह, गुलाबी इंधनाची, फिकी तपकिरी तापमानाची, फिकी निळी तेलाची, करडी फेऱ्यांची आणि काळी किंवा पिवळी निगेटिव्ह. यामाहाच्या हार्नेसमध्ये मात्र पिवळी म्हणजे चावीतून आलेला पॉझिटिव्ह. या दोन पिवळ्या एकत्र जोडल्या तर चावी फिरवताच फ्यूज जातो, आणि फ्यूज नसेल तर वायर जळते. जोडण्याआधी प्रत्येक वायर मोजावी.

दोष सापडला की टेप गुंडाळून निभावून नेऊ नये. टेपचा गोंद उन्हात सुटतो आणि आत ओल धरून राहते. वायर मागे मागे कापत चकचकीत तांबं लागेपर्यंत जावं. आवरणाखालचं तांबं फूटभर आत काळं निघालं तर पूर्ण वायर बदलावी. घरगुती वायर नको. कथील चढवलेली, बारीक तारांची मरीन वायर घ्यावी, गोल लग क्रिंप करावा आणि त्यावर आतून गोंद असलेली आकसणारी नळी चढवावी. वायर जोडाआधी थोडी खाली लोंबती ठेवली की ओघळणारं पाणी जोडात न जाता तिथूनच ठिबकतं.

सगळं जुळल्यावर एक काम उरतं. बोटीची टाकी बरेचदा तळाच्या आकाराची, खाली निमुळती असते. त्यामुळे काटा अर्ध्यावर असला तरी इंधन अर्ध्याहून कमी असतं. टाकी जवळजवळ रिकामी झाली की पुढच्या भरण्याला दर १० लिटरला थांबून काटा कुठे आहे ते लिहून घ्यावं आणि तो कागद प्लास्टिकमध्ये घालून डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला चिकटवावा. बोट घेऊन जाणारा तांडेल उद्या दुसरा असला तरी त्यालाही तो वाचता येईल.