खोगीराखालचे दुखणे

‘खोगीरभरती’ हा शब्द आपण लांबलेल्या भाषणांना आणि जाडजूड ग्रंथांना सहज लावतो. त्याचा मूळ अर्थ साधा आहे. खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवरचे जीन, आणि त्यात कोंबलेल्या चिंध्या, लोकर, गवत ही त्याची भरती. काहीही कोंबले तरी चालते, या समजुतीतून शब्दाला आजचा अर्थ चिकटला. घोड्याच्या पाठीला मात्र काहीही चालत नाही. हे मला एका घोडीमुळे कळले.

मी अकोल्याच्या जुन्या शहरात राहतो. आमच्या लहानपणी इथे टांग्यांचे तबेले होते. ते गेले, उरल्या त्या वरातीच्या घोड्या. घोड्यांविषयीचे जुने शब्द गोळा करण्याचा मला नाद आहे, हे ठाऊक असलेले एक घोडीवाले चाचा तीन वर्षांपूर्वी, तुळशीच्या लग्नाआधी, माझ्याकडे आले. म्हणाले, “भाऊ, घोडीले खोड लागली. खोगीर दिसलं का कान पाडते, चावाले येते. मारूनबी पाह्यलं. आता इकून टाकतो.” खोडीच्या घोडीला गिऱ्हाईक कसले मिळते, हे आम्हा दोघांनाही माहीत होते.

‘खोड’ हा अश्वपरीक्षेतला जुना शब्द. साळोत्री म्हणजे घोड्याचा वैद्य. हे नाव शालिहोत्र ऋषींवरून आले. शालिहोत्र, नकुल, जयदत्त यांच्या नावावरच्या संस्कृत ग्रंथांत शुभाशुभ लक्षणे आहेत तशी चिकित्साही आहे. लोकव्यवहारात लक्षणांचा भाग अधिक टिकला. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आजही रंग, भोवरे आणि गळ्यावरचा देवमण निरखून सौदे होतात. तिथे मी दोनदा हिंडलो. पाठ दाबून पाहणारे फार थोडे दिसले. लक्षणांची ही सवय इतकी मुरलेली, की घोडा चावू लागला तर ती त्याची खोड ठरते. त्याला काही दुखत असेल, हा विचार नंतरचा.

आता पाठीची रचना पाहू. घोड्याच्या मानेत ७ मणके, छातीच्या भागात १८, कमरेत बहुधा ६. त्यामागे एकमेकांना जुळलेले ५ आणि मग शेपटीचे. प्रत्येक मणक्यातून वरच्या बाजूला हाडाचा एक काटा निघतो. खोगीर आणि स्वार जिथे बसतात तिथे, साधारण छातीच्या तेराव्या ते अठराव्या मणक्यापर्यंत, हे काटे एकमेकांच्या फार जवळ असतात. पाठ खचली की ते एकमेकांवर घासू शकतात. डच शास्त्रज्ञ स्लायपर यांनी १९४६ साली जनावराच्या धडाला ताणलेल्या धनुष्याची उपमा दिली. कणा हे धनुष्य आणि पोटाचे स्नायू ही त्याची दोरी. घोडा पोट आवळून, मान पुढे सोडून चालतो तेव्हा पाठ वर उचलली जाते. वरातीत शोभेसाठी मान वर खेचून बांधली, की तीच पाठ खाली दबते, आणि तिच्यावर नवरदेव.

मी चाचांना एका पशुवैद्य बाईंकडे नेले. त्यांनी आधी घोडी सपाट जमिनीवर चौरस उभी केली आणि मागून, स्टुलावर चढून, कण्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या. झेनोफनने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिले होते, की दोन्ही बाजूंना मांस चढलेली, मधोमध पन्हाळ असलेली पाठ चांगली. या घोडीच्या पाठीवर पन्हाळीऐवजी धार दिसत होती. मग बाईंनी तळवा, नंतर बोटे कण्यालगत खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत फिरवली. निरोगी घोडा पहिल्या दाबाला थोडा दबतो, दुसऱ्यांदा सैल पडतो. दुखणारा घोडा दर वेळी पाठ लाकडासारखी ताठ करतो, नाहीतर एकदम खाली झुकतो. घोडी प्रत्येक वेळी ताठली आणि शेपटी आपटू लागली.

तेवढ्यावर निदान झाले नाही. घोडीला सरळ चालवले, लहान वर्तुळात वळवले, मागे सरकवले. खूर, नाल, दात पाहिले. पाय दुखत असेल तर घोडा चाल बदलतो आणि पाठ नंतर दुखू लागते; अशा वेळी पाठीवरचा इलाज फुकट जातो. विश्रांतीनंतर कामाला जुंपताच पुठ्ठे कडक झाले आणि लघवी काळपट आली, तर तो स्नायूंचा वेगळा व तातडीचा आजार असतो. तेव्हा घोड्याला चालवत नेऊ नये.

“एक्स-रे काढून टाका,” मी म्हणालो. बाई म्हणाल्या, चित्रात काटे चिकटलेले दिसतील, पण ज्यांची पाठ दुखत नाही अशा घोड्यांतही ते दिसतात. शंका राहिली तर दोन काट्यांमध्ये बधिर करणारे इंजेक्शन देतात. चाल सुधारली तर दुखणे तिथलेच. इंग्लंडमध्ये लिओ जेफकॉट यांनी १९८० साली ४४३ घोड्यांच्या पाठीच्या विकारांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यातूनही हेच दिसते की ‘पाठदुखी’ या एका नावाखाली हाडांचे, स्नायूंचे आणि अस्थिबंधांचे वेगवेगळे विकार येतात.

शेवटी बाईंनी खोगीर मागवले आणि उलटे केले. भरतीचे गोळे झाले होते. मधली पोकळी बुजून खोगीर थेट कण्यावर टेकत होते.

उपचार साधा होता आणि महागही. सहा आठवडे खोगीर बंद. थोडे दिवस वेदनाशामक, तेही डॉक्टरांच्या हातून. अशी औषधे घोड्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधतात. गिधाडांच्या नाशामुळे डायक्लोफिनॅक २००६ पासून जनावरांसाठी आपल्याकडे बंदच आहे. शिवाय वेदना दाबून काम चालू ठेवले, तर मूळ कारण तसेच राहते. रोज गाजर दाखवून घोडीची मान छातीकडे, दोन्ही कुशींकडे, पुढच्या पायांमध्ये वळवून घ्यायची. मिशिगनमधील २०११ च्या एका अभ्यासात आठ घोड्यांकडून तीन महिने असा व्यायाम करून घेतला, तेव्हा कण्याला धरून ठेवणारे खोल स्नायू भरल्याचे दिसले. एवढ्यानेही न भागल्यास काट्यांमधले अस्थिबंध कापण्याची किंवा हाड काढण्याची शस्त्रक्रिया असते.

चाचांची त्या वर्षीची अर्धी लग्नसराई बुडाली. घोडी मात्र विकली नाही. वडिलांच्या टांग्याचा हिशेब त्यांना तेव्हा आठवला. मागे भार जास्त झाला की टांगा उलाळ होतो आणि पोटाचा पट्टा घोड्याला वर खेचतो. पुढे जास्त झाला की तो पाठीवर बसतो. “अब्बा सवारी मागंपुढं सरकवत, हे पाठीसाठीच होतं,” ते म्हणाले.

आता हंगामाआधी ते खोगीर उसवून भरती पिंजून घेतात, मान ढिली सोडतात आणि वजनदार नवरदेव आला तर बग्गी सुचवतात. घोडी खोगीर पाहून कान पाडत नाही. माझी भेट झाली की चाचा तिच्या पाठीवरून तळवा फिरवून दाखवतात. कधीकधी तसेच थांबतात आणि म्हणतात, “मी तिले मारलं ना, भाऊ.”